मशीन कुठवर आलं ते आधी बघा: लिनक्स टाकताना अडलेल्या पोरांना उत्तर शोधायला कसं शिकवायचं

विचारणारे सर नागपुरात महाल भागात दहावी-बारावीच्या शिकवण्या घेतात. वर्गात चार जुने डेस्कटॉप आणि एक जुना लॅपटॉप आहे, शिवाय घरचा एक जरा नवा लॅपटॉप आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुनी मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून बारावीच्या पोरांनी हौसेनं लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली. जुन्या लॅपटॉपला वायफाय दिसत नाही. घरच्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकायचं होतं, तर इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नाही. एका डेस्कटॉपची स्क्रीन काळी पडते आणि दुसरा अधूनमधून गोठतो. सर लिहितात, ‘नेटवर पाहिलं तर एकाच अडचणीची दहा उत्तरं, आणि पोट्टे जे सापडेल ते टर्मिनलमध्ये टाकून राहिले. उत्तर शोधायचं कसं, हे त्यांना कसं शिकवू? आणि आमचे जुने पेपर कृतिदेवमध्ये आहेत, त्यांचं काय?’

मी इथल्याच एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल करतो. दरवर्षी नवी मुलं याच ठिकाणी अडताना बघतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

उत्तरं कमी नाहीत, ती ढिगानं आहेत. पोरं अडतात कारण ‘लिनक्स चालत नाही’ किंवा ‘वायफाय येत नाही’ एवढंच शोधतात, आणि त्या तीन शब्दांना शंभर कारणं असतात. म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारतो की मशीन कुठवर आलं? नागपूरहून मुंबईला निघालेली गाडी थांबली, तर आधी ती वर्धेला थांबली की भुसावळला हे विचारतो, तसंच हे. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत मशीन ठरलेल्या क्रमानं पुढं जातं. सुरुवातीला मदरबोर्डचं फर्मवेअर जागं होतं, ज्याला आपण सवयीनं बायोस म्हणतो. ते पेनड्राइव्ह किंवा डिस्क शोधतं. मग ग्रब हा बूटलोडर मेनू दाखवतो आणि कर्नलला मेमरीत आणतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअर ओळखतं, मग लाइव्ह डेस्कटॉप येतो, म्हणजे डिस्कवर काही न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालणारं मिंट, मग इन्स्टॉलर, मग पेनड्राइव्ह काढून पहिलं रीबूट. कोणत्या टप्प्याला अडलं ते कळलं की दहापैकी आठ उत्तरं वाचायचीही गरज राहत नाही.

कंपनीच्या लोगोनंतर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं, तर लिनक्स अजून सुरूच झालेलं नाही. पेनड्राइव्ह नीट लिहिला गेलेला नाही किंवा बूटचा क्रम चुकला आहे. तिथं ग्राफिक्सच्या ड्रायव्हरबद्दल वाचण्यात काही अर्थ नाही. ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ दिसलं तर सिक्युअर बूटनं अडवलंय, म्हणजे खात्रीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणाऱ्या फर्मवेअरच्या सोयीनं. ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहून कर्सर लुकलुकत असेल, तर बूटलोडरला त्याचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्याचा भाग, सापडत नाही. मेनू दिसला, मिंट निवडलं आणि त्यानंतर स्क्रीन काळी झाली, तर कर्नल आणि ग्राफिक्स कार्ड यांचं जमत नाही. अन् सगळं बसलं, पण रीबूट केल्यावर थेट विंडोज उघडलं, तर बहुतेक वेळा मिंट जागेवर असतं, फर्मवेअर फक्त विंडोजला आधी बोलावतं. फर्मवेअरच्या यादीत मिंटची नोंद ‘उबुंटू’ या नावानं असते. हे माहीत नसल्यानं कित्येक जण ती डोळ्यांसमोर असूनही शोधत बसतात, मग सगळं पुन्हा टाकतात.

आता तुमच्या मशीनांकडे येतो. त्याआधी पेनड्राइव्हबद्दल थोडं, कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. मिंटची आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर लिहायची अख्खी सिस्टिम असलेली फाइल, साधारण तीन जीबीची आहे. पोरं ती मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर उतरवतात. मध्येच कोटा संपतो, डाउनलोड तुटतं, पुन्हा जोडलं जातं, आणि फाइल वरून पूर्ण दिसते पण आतून खराब असते. म्हणून मिंटच्या संकेतस्थळावर त्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, दिलेला असतो, तो ताडून बघायचा. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासूनच असते, वेगळं काही टाकावं लागत नाही. चौसष्ट अक्षरांचा आकडा जुळला की फाइल खरी. एक अक्षर जरी वेगळं निघालं तर पुढं जायचंच नाही. बर्डीच्या बाजारात फुटपाथवर स्वस्तात मिळणारे ‘१२८ जीबी’चे पेनड्राइव्ह यासाठी वापरू नका. त्यांतल्या काहींवर लिहिलेली जागा खरी नसते, आणि इन्स्टॉल दर वेळी थोडं पुढं जाऊन मरतं.

दुसरं म्हणजे, डिस्कला हात लावण्याआधी लाइव्ह डेस्कटॉपवर निदान अर्धा तास काढा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, प्रिंटर सापडतो का. तिथं जे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालू होईल, ही आशा सहसा फोल ठरते. आणि तिथं काही बिघडवलं तरी रीबूट केलं की सगळं पुसलं जातं, त्यामुळं पोरांना हवे ते प्रयोग करू द्यायला ही जागा उत्तम.

घरच्या लॅपटॉपची डिस्क दिसत नाही, हे प्रकरण सगळ्यात नाजूक आहे, कारण त्यावर तुमचा डेटा आहे. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच डिस्क ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ मोडवर ठेवलेली असते. अकराव्या पिढीपासून पुढं ‘व्हीएमडी’ नावाची सोय त्यात आली. अशा वेळी डिस्क आणि इन्स्टॉलर यांच्या मध्ये एक पडदा असतो. नेटवर याचं एका ओळीचं उत्तर मिळतं, ‘बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा.’ एएचसीआय म्हणजे डिस्कशी थेट बोलण्याचा साधा मोड. उत्तर चूक नाही, अर्धवट आहे. तेवढंच केलं तर मिंटला डिस्क दिसेल, पण विंडोज उठणार नाही. निळी स्क्रीन येईल, कारण विंडोजला नव्या मोडचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लागतो आणि तो त्यानं तयार ठेवलेला नसतो.

क्रम असा ठेवा. आधी विंडोजमध्येच जाऊन डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का ते बघा. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ या नावानं ते दिसतं. चालू असेल तर अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. फर्मवेअरमध्ये बदल केला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर आतल्या फायली गेल्याच समजा. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करत असाल तर की त्या खात्यात जपलेली असते, पण गरज पडेल त्या दिवशी नेट असेलच असं नाही, म्हणून कागद. त्यानंतर महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग ‘एमएसकॉन्फिग’ उघडून पुढचं बूट सेफ मोडमध्ये होईल असं ठरवा, मशीन बंद करा, फर्मवेअरमध्ये जाऊन मोड एएचसीआय करा किंवा व्हीएमडी बंद करा, आणि विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या. ते तिथं नवा ड्रायव्हर स्वतःच बसवून घेतं. मग सेफ मोडची खूण काढून टाका. विंडोज नेहमीसारखं उठलं की मगच मिंटचा पेनड्राइव्ह लावा.

जुनी आयएसओ वापरत असाल तर आधी नवी घेऊन बघा, कारण व्हीएमडीचा ड्रायव्हर अलीकडच्या कर्नलमध्ये आहे आणि कधी कधी नव्या आयएसओला काहीही न बदलता डिस्क दिसते. आणि विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करायला विसरू नका. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मिंटमधून त्याचं पार्टिशन नुसतं वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही.

याच्याशी जोडूनच यूईएफआय आणि लेगसी या मशीन सुरू करण्याच्या नव्या आणि जुन्या पद्धतींची भानगड येते. विंडोज यूईएफआय पद्धतीनं बसलेलं असेल आणि पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीनं सुरू केला, तर इन्स्टॉल शेवटपर्यंत जातं आणि ग्रब बसवताना कोसळतं, नाहीतर बसतं पण मेनूत येत नाही. लाइव्ह डेस्कटॉपवर फाइल मॅनेजरमधून ‘सिस’ फोल्डर, त्यात ‘फर्मवेअर’ उघडा. तिथं ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. नसेल तर बाहेर या आणि बूट मेनूतून पेनड्राइव्हची यूईएफआय नोंद निवडून पुन्हा सुरू करा. ग्रब बिघडलंच तर मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये ‘बूट-रिपेअर’ आयतं असतं.

जुन्या लॅपटॉपच्या वायफायचं उदाहरण मी पोरांना मुद्दाम शिकवतो, कारण शोधायचं कसं हे त्यातून चांगलं कळतं. पहिली अडचण अशी की वायफाय नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून वायफाय नाही. अँड्रॉइड फोन डेटा केबलनं जोडा आणि सेटिंग्जमधून यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट त्याला तारेचं नेटवर्क समजतं, ड्रायव्हर मागत नाही. फोन स्वतः घरच्या वायफायवर असला तरी हे चालतं, म्हणजे मोबाइल डेटा जळत नाही. केबल नुसत्या चार्जिंगची नको, एवढं बघा.

मग कार्ड कोणतं ते शोधायचं. त्यासाठी टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, उघडा. आज्ञा मी इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. ‘एलएसपीसीआय’, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून ‘एनएनके’. यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांच्या दोन गटांचा क्रमांक असतो. पहिला गट बनवणाऱ्या कंपनीचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. दुसरा गट त्या चिपचा. उदाहरणार्थ १४ई४:४३६५ हे ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१४२, जुन्या लॅपटॉपमध्ये हमखास भेटणारं. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे आणि अडचण दुसरीकडे आहे. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर नाही. लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावानं शोधाल तर फसाल, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी कार्डं घालतात. या आठ अक्षरांच्या क्रमांकानं शोधाल तर त्याच चिपवाले लोक सापडतील.

ब्रॉडकॉमचं असेल तर टेदरिंग लावून मिंटचं ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, ते स्वतःच ड्रायव्हर सुचवतं. सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं आणि रीबूटला एक निळी स्क्रीन येते. तिथं ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते. पोरं तेवढ्यात पाणी प्यायला जातात, स्क्रीन निघून जाते, ड्रायव्हर बसूनही चालत नाही, आणि मग तीन तास भलतंच वाचत बसतात. ड्रायव्हर लागलेला असूनही वायफाय दिसत नसेल तर ‘आरएफकिल’, मोकळी जागा, ‘लिस्ट’ चालवा. ‘हार्ड ब्लॉक्ड’ समोर ‘येस’ आलं तर बहुधा लॅपटॉपच्या कडेचा छोटा स्विच कोणीतरी सरकवलेला असतो.

काळ्या स्क्रीनचा डेस्कटॉप, त्यात एनव्हीडियाचं कार्ड असेल असा माझा अंदाज आहे. ग्रबच्या मेनूत मिंटच्या ओळीवर थांबून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दानं सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी मोकळी जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा सलग शब्द जोडा आणि एफ१० दाबा. मिंटच्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ही असतो, तोही चालेल. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. स्क्रीन आली की इन्स्टॉल करा, ड्रायव्हर मॅनेजरमधून कार्डाचा ड्रायव्हर घ्या, आणि मग ‘नोमोडसेट’ची गरज संपते. पुष्कळ जण हा शब्द कायमचा घालून ठेवतात आणि मग मशीन संथ चालतं म्हणून लिनक्सला बोल लावतात.

गोठणाऱ्या डेस्कटॉपसाठी सॉफ्टवेअरमध्ये शिरण्याआधी एक बघा. दर वेळी एकाच जागी गोठतो, की कधी इथं कधी तिथं? एकाच जागी असेल तर आयएसओ, पेनड्राइव्ह किंवा एखादा ड्रायव्हर. जागा बदलत असेल तर रॅम, डिस्क, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा उष्णता. रॅमसाठी मेमटेस्ट ही तिची चाचणी रात्रभर चालू ठेवा. एकही चूक निघाली तरी ती पट्टी काढा. संदेशांत ‘इनपुट-आउटपुट एरर’ वारंवार दिसत असेल तर डिस्क जायच्या वाटेवर आहे, त्यावर काहीच टाकू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. धूळ बसलेल्या पंख्याचं जुनं मशीन अशा दुपारी इन्स्टॉलच्या मध्येच स्वतःहून बंद होतं, आणि पोरं म्हणतात मिंट खराब आहे. कॅबिनेट उघडून ब्रशनं साफ करा आणि असली कामं सकाळी उरकून घ्या. लाइन कधी जाईल याचा भरवसा नसेल तर यूपीएसवर लावूनच सुरू करा. पार्टिशनचा आकार बदलताना वीज गेली तर त्या डिस्कवरचा डेटा परत मिळेल याची हमी कोणी देत नाही.

जुन्या डेस्कटॉपचं आणखी एक दुखणं, जे लिनक्सचं दुखणं वाटतं पण नसतं. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी सेल संपलेली असते. मशीन बंद केलं की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित म्हणतो, आणि अपडेट करताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. कोपऱ्यातली तारीख बघा, सेल बदला. चारही डेस्कटॉपच्या सेल एकदमच बदलून टाका, किरकोळ खर्च आहे.

घड्याळाचं दुसरं एक प्रकरण घरच्या लॅपटॉपवर दिसेल. मिंटमधून विंडोजमध्ये गेलात की वेळ बरोबर साडेपाच तास मागं असेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ मानतं, आणि आपला फरक ५:३० चा. मिंटमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’च्या ‘सेट-लोकल-आरटीसी’ पर्यायाला १ दिलं की मिटतं.

आता शोधण्याकडे. पोरांना सांगा, स्क्रीनवरचा संदेश जसाच्या तसा इंग्रजीत अवतरणचिन्हांत घालून शोधा, पण त्यातला आपल्या मशीनपुरता भाग गाळा. वेळेचे आकडे, वापरकर्त्याचं नाव, पार्टिशनचा लांबलचक यूयूआयडी हे जगात दुसऱ्या कोणाकडं नसतं, त्यामुळं ते ठेवलं की एकही उत्तर येत नाही. चिपचा क्रमांक मात्र ठेवा. आणि शेवटच्या ओळीवर भाळू नका. टर्मिनलमध्ये शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते. मूळ कारण वर, पहिल्यांदा जिथं ‘एरर’ किंवा ‘फेल्ड’ आलं, तिथं असतं.

आवृत्ती बघायची. मिंट २२ आतून उबुंटू २४.०४ आहे, मिंट २१ म्हणजे उबुंटू २२.०४. हे कळलं की उबुंटूसाठी लिहिलेली उत्तरंही तुमच्या कामाची होतात आणि शोधाचं मैदान कित्येक पटींनी वाढतं. पण उलटही लक्षात ठेवा. २०१४ सालचं, हजारांनी पसंत केलेलं उत्तर यादीत वर असतं म्हणून ते आज लागू आहे असं नाही. त्यातलं पॅकेज आता नसेलही, किंवा त्या काळी हातानं बसवावा लागणारा ड्रायव्हर आता कर्नलमध्येच आलेला असेल.

तारीख का बघायची याचं चांगलं उदाहरण ऑगस्ट २०२४ चं आहे. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटनं जुने, धोका असलेले बूटलोडर सिक्युअर बूटमधून बाद केले. दोन्ही सिस्टिम एकत्र असलेल्या मशीनवर ते लागू व्हायला नको होतं, पण बऱ्याच ठिकाणी झालं. लिनक्स उठेना, आणि ‘समथिंग हॅज गॉन सिरियसली राँग’ असं लिहून यायचं, शेजारी ‘एसबॅट’ हा शब्द. ज्यांनी संदेश नीट वाचून ‘एसबॅट’वर शोधलं त्यांना उत्तर मिळालं: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समधून एसबॅटचं धोरण पुसायचं, पुन्हा चालू करायचं. ज्यांनी ‘लिनक्स बूट होत नाही’ एवढंच शोधलं ते जुनीच उत्तरं लावत बसले, काहींनी सगळं फॉरमॅटही केलं. आजही एखाद्या जुन्या पेनड्राइव्हवर हा संदेश भेटू शकतो.

आज्ञा चालवण्याआधी पोरांनी ती मोठ्यानं वाचून काय करते ते सांगावं, असा नियम करा. ‘मॅन’ लिहून पुढं आज्ञेचं नाव दिलं की तिची माहिती मशीनवरच मिळते, नेट लागत नाही. ‘सुडो’, म्हणजे पूर्ण अधिकारानं आज्ञा चालवणारा शब्द, असेल तिथं थांबायचं. नेटवरून स्क्रिप्ट ओढून थेट ‘सुडो बॅश’ला देणारी ओळ, कशालाही ७७७ परवानगी, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा, द्यायला सांगणारी ओळ, फायली पुसणाऱ्या ‘आरएम’ची कोणतीही ओळ, आणि ‘डीडी’, जिच्यात डिस्कचं एक अक्षर चुकलं की भलतीच डिस्क कोरी होते, या माझ्या किंवा तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय चालवायच्या नाहीत. एआयला विचारलेल्या उत्तरालाही हाच नियम. ते समजावून चांगलं सांगतं, पण वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या आज्ञा एकत्र कालवतं आणि नसलेल्या पॅकेजचं नाव आत्मविश्वासानं देतं. त्यानं सांगितलेलं पॅकेज मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आहे का ते आधी बघायचं. ‘डीपीकेजी लॉक’, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या साधनाचं कुलूप, मिळत नाही असा संदेश आला तर बहुधा पाठीमागं अपडेट चालू असतं. दहा मिनिटं थांबा, लॉकची फाइल पुसायला सांगणारी उत्तरं सोडून द्या.

वाचायला कुठं जायचं, तर पहिल्यांदा मिंटचंच इन्स्टॉलेशन मार्गदर्शक. छोटं आहे आणि बहुतेक कोणी वाचत नाही. हार्डवेअरच्या खोलात शिरायचं तर आर्च या दुसऱ्या एका लिनक्सची आर्च विकी, तुम्ही आर्च वापरत नसलात तरी. त्यातल्या पॅकेज बसवायच्या आज्ञा मिंटला लागू नाहीत, बाकीचं स्पष्टीकरण लागू आहे. इंग्रजीला बिचकणाऱ्या पोरांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. आवृत्ती जुनी दिसेल, पण टर्मिनलच्या मूळ आज्ञा बदललेल्या नाहीत.

शिकवण्याबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगायचं, तुम्ही मास्तर आहात. तरी एक आग्रह धरतो: कीबोर्ड ओढून घेऊ नका. आपण दोन मिनिटांत दुरुस्त करतो, पोरगं बघत राहतं, आणि पुढच्या मशीनवर पुन्हा हाक मारतं. शेजारी बसून विचारत राहा, ‘आता कोणता टप्पा? स्क्रीनवर काय आलं, वाच बरं. आधी काय बदललंस?’ तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘काहीच नाही सर’ असं उत्तर येतं, आणि ते खरं नसतं. म्हणून वर्गात एक वही ठेवा. मशीन कोणतं, टप्पा कोणता, संदेश काय, क्रमांक काय, काय करून बघितलं, कशानं चाललं, तारीख. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहायचा. दोन बदल एकदम केले तर कशानं चाललं ते कधीच कळत नाही. मे महिन्यात मेहनत घेतलेली पोरं जूनमध्ये निघून जातील, वही नव्या पोरांना उरेल.

कृतिदेवचं सोपं आहे आणि अवघडही. फाँटची फाइल तुमच्या जुन्या विंडोजमधून घ्या, मिंटमध्ये त्यावर दोनदा क्लिक करून बसवा, पेपर लिबरऑफिसमध्ये उघडतील. मांडणी थोडी हलेल, तक्ते असतील तिथं जास्त. पण कृतिदेव हा युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, नाही. फाँट काढला की मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि त्यात काही शोधता येत नाही. म्हणून दरवर्षी लागणारे पेपर तेवढे कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि एकदा नजरेखालून घाला. रफार आणि जोडाक्षरं कन्व्हर्टरमध्ये हमखास बिघडतात. नवीन टायपिंगसाठी आयबस हे टायपिंगची भाषा बदलायचं साधन बसवून मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा. कृतिदेवची बोटं बसलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस चिडचिड होईल.

सुरुवात ज्या डेस्कटॉपवर कामाचं काही नाही त्यापासून करा, घरचा लॅपटॉप शेवटी. त्याची डिस्क वरच्या क्रमानं जाऊनही दिसली नाही, तर मला तीन गोष्टी पाठवा: फर्मवेअरमधल्या स्टोरेजच्या पानाचा सरळ, चमक न येता काढलेला फोटो, लाइव्ह डेस्कटॉपवर ‘एलएसपीसीआय’नं दिलेली पूर्ण यादी मजकुराच्या रूपात, आणि आयएसओच्या फाइलचं पूर्ण नाव. रिकव्हरी की मात्र मलाही पाठवू नका.